वहिनीचा शॉट

आमच्या गच्चीवर एक खोली आहे, आणि ती वर्षभर कोणाची हे फुटबॉलच्या एका मॅचवर ठरतं. मैदानातल्या नाही, टीव्हीवरच्या. हसायचं असेल तर हसून घ्या. आम्हीसुद्धा बाहेर कोणाला हे सांगत नाही.

त्याचं असं झालं. खोली माझ्या बाबांनी आणि काकांनी मिळून बांधली, आणि ती वरच्या मजल्याची की खालच्या हे ठरायच्या आधीच बाबा गेले. वर आम्ही राहतो, म्हणजे आई, दादा आणि मी. खाली काका, त्यांचा मुलगा मेजर आणि मेजरची बायको, म्हणजे आमची वहिनी. मेजर सैन्यात वगैरे नाही. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. पण लहानपणापासून हुकूम सोडायची सवय, म्हणून मेजर. खोलीवरून रोज खटके उडायला लागले तेव्हा दादाने आणि त्याने तोडगा काढला. फुटबॉलचा तो व्हिडिओ गेम दर वर्षी नव्या आवृत्तीत येतो. तो आला की पहिल्याच दिवशी, कोणालाही सराव करायला मिळायच्या आत, एक मॅच. वरचे दोघं विरुद्ध खालचे दोघं. जिंकतील त्यांच्याकडे किल्ली, पुढची आवृत्ती येईपर्यंत. भांडण काही मिटलं नाही, पण ते वर्षातून एका दिवसावर आलं.

गेली काही वर्षं किल्ली खालीच आहे. मेजरने खोलीत व्यायामाची सायकल ठेवली आहे आणि तिच्यावर त्याचे टॉवेल वाळतात. खोलीला तो 'माझं ऑफिस' म्हणतो. त्या ऑफिसात तो रविवारी दुपारी घोरतो, ते आम्हाला खाली ऐकू येतं.

यंदा मला ती खोली हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

मी विग बनवते. जाळीवर एकेक केस आकडीने ओढून गाठवायचा, असं ते काम. आजवर ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. कोणी पंखा लावला की माझा अर्धा तास उडून जायचा. आई जेवताना ताटातून हातभर केस काढायची, उजेडात धरायची आणि विचारायची, "हा कोणाचा गं? नाटकातल्या राणीचा की तिच्या सासूचा?" दुकानातून तुकड्या-तुकड्याने काम मिळायचं, कधी नुसता भांग, कधी नुसती कपाळाची कड. पण या महिन्यात दुकानाच्या मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. आजारपणात केस गेलेल्या बायका त्यांच्याकडे येतात. त्या सगळ्यांचं काम त्या मला द्यायला तयार होत्या, डोक्याच्या मापापासून शेवटच्या गाठीपर्यंत.

"पण एक आहे," त्या म्हणाल्या. "या बायका तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या काकांसमोर, डोक्यावरचा रुमाल काढणार नाहीत. मला दार लावता येईल अशी खोली दाखव. मंगळवारी येते बघायला. नसेल तर मग दुसरीकडे द्यावं लागेल."

मी मेजरला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅच जिंक आणि घे. नियम म्हणजे नियम." माझं डोकं भडकलं आणि मीही म्हणून बसले, "मागून घेतलेली नकोच मला. जिंकूनच घेईन." आईने कपाळावर हात मारला. माझं तोंड माझ्या आधी धावतं, हे तिचं जुनं दुखणं आहे.

गेम रविवारी सकाळी आला. आणि आमचा खरा खेळाडू, म्हणजे दादा, बोटीवर. नोकरी लागून दोन महिने झाले होते, आणि त्या वेळी तो कुठल्या तरी समुद्राच्या मध्यावर होता, जिथे फोनसुद्धा लागत नव्हता. मी चांगली खेळते, पण दादाच्या जोडीने. आई खेळू शकत नव्हती, कारण आई रेफरी. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी तिने शाळेला परत केली नाही, आणि त्या शिट्टीपुढे पोटची पोरगीसुद्धा परकी.

"जोडीदार नाही?" मेजर सोफ्यावर रेलून म्हणाला. "अरेरे. मग असं कर, आमची ही घेऊन टाक. आम्ही बापलेक खेळतो. घे, फुकट."

'ही' म्हणजे वहिनी. ती दारात उभी राहून हात पुसत होती. काका खोखो हसले. मीही हसले असते, पण खोली गेल्यातच जमा होती.

कारण वहिनी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात वाईट खेळाडू. साधी वाईट नाही. तिने गोलावर मारलेला चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे तरंगत जायचा, आणि पास द्यायला गेली की तोच चेंडू तोफगोळ्यासारखा प्रेक्षकांत. घरात त्यावरून शब्दच रूढ झाला होता. कोणी सालं टोपलीत फेकली आणि ती बाहेर पडली की 'वहिनीचा शॉट'. मेजरने गाडी लावताना फाटकाला घासली की 'वहिनीचा शॉट'. ती स्वतःही हसायची. मॅचला तिला कोणी घ्यायचं नाही. एरवी खेळताना चौथं कोणी नसलं की तिच्या हातात बटणांचं पॅड द्यायचं. पडद्यावर आम्हा सगळ्यांची नावं होती आणि तिच्या खेळाडूखाली गेम आपणहून लिहायचा, 'पाहुणा'.

आणि ही बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते! दिवसभर लोकांच्या हातातून रक्त काढते, सुई टोचलेली कळतसुद्धा नाही म्हणून लांबून लोक तिच्याकडे येतात. हात असे स्थिर आणि गेममध्ये ही तऱ्हा. मला कोडंच वाटायचं.

"चल वहिनी," मी म्हटलं. "तू मागे थांब. चेंडू आला की माझ्याकडे ढकल. बाकी काही करू नकोस."

"बरं, वन्सं," ती म्हणाली. वन्सं म्हटलं की मी पन्नाशीची झाल्यासारखी दचकते, म्हणून मुद्दाम म्हणते ती.

खालच्या दिवाणखान्यात आम्ही बसलो. टीव्हीखालच्या खिळ्याला किल्ली लटकवली. नव्या गेमचं झाकण उघडलं की एक वास येतो, कोऱ्या प्लॅस्टिकचा, आणि त्या वासाने माझ्या तळहातांना घाम सुटतो. पडद्यावर निळी रेघ इंचाइंचाने पुढे सरकत होती. मग संगीत सुरू झालं, मैदान दिसलं, आणि आम्ही सगळेच एकदम पुढे सरकलो. काय ते गवत! खेळाडू धावला की पात्यांवर पावलं उमटत होती. गोलकीपरच्या कपाळावर घाम दिसत होता. आई म्हणाली, "अगं बाई, याला टॉवेल द्या कोणीतरी." मेजर म्हणाला, "वर ऑफिसात आहेत."

सुरुवातीला बटणं लावायचं काम काकांचं. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फार वर्षांपूर्वी आमच्याकडे गेमचं पहिलं यंत्र आलं तेव्हा काका लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. ग्रीसचे हात तसेच घेऊन ते खेळायला बसले आणि पॅडचं वर्तुळाचं बटण आत जाऊन बसलं. गोलावर मारायचं तेच बटण. काकांनी काय केलं, सेटिंगमध्ये जाऊन अदलाबदल केली. गोलावर मारायचं ते चौकोनावर आणलं, आणि लांब उंच पास द्यायचा ते रुतलेल्या वर्तुळावर टाकलं. आम्ही सगळे तसंच शिकलो. पुढे नवे पॅड आले, नवी यंत्रं आली, पण बोटं काही नवी येत नाहीत. म्हणून दर वर्षी नवी आवृत्ती आली की काका चष्मा चढवून सेटिंगमध्ये जातात आणि अदलाबदल करतात. देवघरातल्या कामासारखं मन लावून करतात ते. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही.

यंदा मध्येच पडद्यावर एक लांबलचक सूचना आली. काकांनी ती न वाचता 'ओके' दाबलं. आयुष्यात आलेली प्रत्येक सूचना ते अशीच दाबत आले आहेत. मीही वाचली नाही, कारण मी मेजरशी लाल शर्ट कोणाचे यावरून वाद घालत होते. काकांनी अदलाबदल केली, पडद्याकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "झालं. रेफरी, फुंका."

आईने नियम वाचल्यासारखे म्हणून दाखवले. "आरडाओरडा चालेल. शिव्या चालणार नाहीत. शिट्टीनंतर सेटिंगला कोणी हात लावायचा नाही, दोन्ही कॅप्टनांची संमती असेल तरच." हा शेवटचा नियम मेजरमुळे आला आहे. एका वर्षी त्याने आवाज कमी करतो म्हणत मॅचचा वेगच कमी केला होता.

शिट्टी वाजली. कुत्रं भुंकायला लागलं, आमचं नाही, शेजारचं.

लाल शर्ट मला मिळाले होते. पहिलाच चेंडू मी उजव्या बाजूने पळवत नेला, असा नेला की दादा असता तर ओरडला असता. मेजरचा उजवा पाय जमिनीवर आपटायला लागला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ब्रेक दाबायची त्याची सवय, समोरून धोका आला की पाय आपोआप दाबतो. मी रेषेजवळ पोचले आणि मध्ये उंच पास द्यायला वर्तुळ दाबलं.

चेंडू सणसणत बाहेर गेला. आडवा, प्रेक्षकांच्या तिसऱ्या मजल्यावर.

"वहिनीचा शॉट!" काका आणि मेजर एका सुरात ओरडले.

माझे कान तापले. घाईत चुकलं असेल, म्हटलं. पण पुढच्याच मिनिटाला मेजर आमच्या गोलीसमोर एकटा होता. चौकोन दाबून त्याने मारला आणि चेंडू अलगद उडाला, गोलीच्या, गोलाच्या, सगळ्याच्या वरून, जसं काही कोणी फुगा सोडला. आता मी ओरडले, "वहिनीचा शॉट!" मेजरने पॅडकडे असं पाहिलं, जणू ते त्याला उलट बोललं.

मग जे सुरू झालं त्याला फुटबॉल म्हणणं कठीण आहे. मी पास देत होते तर चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जात होता. मेजर गोल मारत होता तर चेंडू कबुतरासारखा उतरत होता. काकांनी मैदानाच्या कडेवरून मेजरला पास म्हणून वर्तुळ दाबलं, आणि चेंडू हवेत वळून थेट आमच्या जाळ्यात. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बघितलंत? मुद्दाम मारला."

"काका, तुम्ही डोळे मिटले होते!"

"अंदाजाने मारला."

थोड्या वेळाने मेजरने माझ्या पायातून चेंडू काढला, मी अडवायला गेले, आमच्या गोंधळात चेंडू माझ्याच खेळाडूच्या गुडघ्याला लागून आत. शून्य-दोन. माझ्या डोळ्यांसमोर ती सायकल आली आणि तिच्यावरचे टॉवेल. मंगळवारी मालकीणबाई येणार, मी त्यांना काय दाखवणार, गॅसची शेगडी? पॅड आपटायचं तेवढं बाकी होतं.

"वन्सं, इकडे दे," शेजारून आवाज आला.

मी बघितलंही नाही. चेंडू ढकलला, कारण माझ्याजवळ ठेवून तरी काय होणार होतं. वहिनीचा खेळाडू, तो पाहुणा, वळला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. गोलासमोरच्या मोठ्या चौकटीबाहेरून तिने वर्तुळ दाबलं आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, जाळं टम्म फुगवून थांबला.

आईच्या तोंडातली शिट्टी तिथेच राहिली होती. तेवढ्यात मध्यंतर झालं.

"यंत्र बिघडलंय," मेजर म्हणाला. "बाबा, बघा काय ते."

काकांनी चष्मा चढवला, सेटिंग उघडली, वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मघाची ती सूचना एका कोपऱ्यात अजून होती. यंदाच्या आवृत्तीने पहिल्यांदाच, कोणी न सांगता, आमची मागच्या वर्षीची सेटिंग आपणहून उचलून आणली होती. म्हणजे अदलाबदल आधीच झालेली होती. आणि काकांनी तिची पुन्हा अदलाबदल केली होती.

"म्हणजे आता बटणं..." मी म्हटलं.

"कारखान्यातून येतात तशी आहेत," काका पुटपुटले. "चौघांचीही."

मेजर उसळला. "मग हा अर्धा भाग रद्द! निदान बटणं तरी उलटी करा."

"सुलटी म्हणायचंय तुला," आई म्हणाली.

"काकू, आपली ती सुलटीच!"

"शिट्टी वाजलेली आहे. दोन्ही कॅप्टन हो म्हणाले तरच हात लावायचा." आईने माझ्याकडे बघितलं. रेफरीसारखं बघितलं, आईसारखं नाही.

मला तर हेच हवं होतं. बटणं जागेवर आली की मी मेजरला घाम फोडला असता, एक गोल मागे असले तरी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"नको," ती म्हणाली. "आत्ता बटणं बरोबर आहेत."

"बरोबर कसली? अगं, काहीच कुठे जात नाहीये!"

"तुमचं जात नाहीये. माझं जातंय." ती एकदम हळू बोलत होती, सुई टोचण्याआधी बोलते तशी. "माहेरी अशीच होती. सगळीकडे अशीच असतात. मी भावांबरोबर खेळायचे, तीन भाऊ, तिघांना रडवायचे. इथे आले आणि सगळं उलटं."

मेजरने बायकोकडे पाहिलं. "मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. लग्न झालं त्याच वर्षी. सगळे म्हणालात, आमच्याकडे असंच असतं, होईल सवय."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"मग झाली नाही सवय?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुला झाली का आत्ता, अर्ध्या भागात?" वहिनी म्हणाली.

मी पडद्याकडे बघितलं. एक-दोन. माझी खोली, माझं दार, त्या रुमाल बांधलेल्या बायका, सगळं या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द मला अशा बाईच्या भरवशावर बोलायचा होता जिला मी तासाभरापूर्वी मागे थांब म्हणाले होते. पण तो गोल मी पाहिला होता. असा गोल चुकून होत नाही. काकांचा झाला होता, तो चुकून. हा नाही.

"राहू देत बटणं," मी म्हटलं. "रेफरी, फुंका."

मेजरचा पाय ब्रेकवर आपटला. समोर गाडी नव्हती तरी.

"आता तू मागे थांब," वहिनी माझ्या कानाशी म्हणाली. "फक्त जवळचे पास दे. ते बटण दोन्हीकडे सारखंच आहे. चौकोन-वर्तुळाला हातच लावू नकोस."

"बरं, वहिनी," मी म्हणाले. आयुष्यात इतकं निमूटपणे मी कोणाला बरं म्हटलेलं नाही.

आणि मग काय सांगू! एखाद्याच्या पायातला खडा निघावा आणि तो पळत सुटावा, तशी खेळत होती ती. मी चेंडू हिसकावून तिच्याकडे ढकलायचे आणि पुढचं फक्त बघायचं. ती आडवी पळायची, थबकायची, मेजरचे दोन खेळाडू एकमेकांवर आदळायचे. मेजर ओरडत होता, "बाबा, अडवा! बाबा!" आणि काका म्हणत होते, "कुठून अडवू, ती दिसतच नाहीये!" मी सोफ्यावरून कधी उठले मला कळलंच नाही. उभ्यानेच खेळत होते. वहिनीने डावीकडून उंच चेंडू टाकला, स्वतःचाच दुसरा खेळाडू निवडला, आणि डोक्याने आत. दोन-दोन! मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारचं कुत्रं गप्प झालं.

पण मेजर काही कच्चा नाही. तो पुटपुटायला लागला, "उलटं, उलटं, उलटं," अंगठ्याला शिकवत होता. आणि एकदा त्याला जमलं. आमच्या गोलीसमोर एकटा, त्याने बरोबर वर्तुळ दाबलं, चेंडू सुटला. चेंडू खांबाला लागून परत आला, थेट काकांच्या पुढ्यात, गोल मोकळा. काका आनंदाने ओरडले आणि त्यांनी सवयीने चौकोन दाबला. चेंडू फुग्यासारखा उडून मैदानाबाहेर गेला.

"बाबा!" मेजर म्हणाला. त्या एका शब्दात त्याचं सगळं बालपण होतं.

शेवटचं मिनिट. आई घड्याळाकडे बघत होती, शिट्टी ओठांत. वहिनीने मध्यावरून चेंडू घेतला, दोघांना ओढून स्वतःकडे आणलं आणि माझ्याकडे सरकवला. माझ्यापुढे कोणी नव्हतं. फक्त गोली, घामेजलेला. मी पळाले. "मार, बारके, मार!" असं कोणीतरी ओरडलं. मागाहून कळलं, ती रेफरी होती. वर्तुळ, मी स्वतःला बजावलं. वर्तुळ, वर्तुळ. जाळीवर केस गाठवताना माझं बोट कधी चुकत नाही. हजार गाठी डोळे मिटून घालीन. वर्तुळ.

अंगठ्याने चौकोन दाबला.

मला तो दाबताना कळलं, आणि दाबून झाल्यावर काहीच करता येत नाही. चेंडू वर उडाला, अलगद, गोलीच्या डोक्यावरून, आडवा, डावीकडे, जिथे कोणी असण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा काढू शकणार नाही. बरोबरी झाली तर किल्ली आहे तिथेच राहते. गेली खोली. गेलं सगळं.

डावीकडे पाहुणा उभा होता.

पळत आलेला नाही. आधीपासून उभा होता. वहिनीने तो तिथे नेऊन ठेवला होता. तिने चेंडू जमिनीला टेकू दिला नाही, वर्तुळ दाबलं, आणि जाळं फुगलं. शिट्टी वाजली, पहिली गोलाची, आणि लगेच दुसरी, मॅच संपल्याची.

मी वहिनीच्या गळ्यात पडले. मी रडत होते की हसत होते कोण जाणे, पण तिचा खांदा ओला झाला. "तू तिथे कशी? मी तुला पास दिलाच नव्हता!"

"तू चौकोनच दाबणार हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचे चेंडू कुठे पडतात ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. इतकी वर्षं तेच तर बघतेय."

आईने खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. रेफरी म्हणून हात मिळवला आणि मग आई म्हणून गालगुच्चा घेतला. मेजर म्हणत होता, हे बटणांमुळे झालं. आई म्हणाली, "बटणं चौघांनाही सारखीच होती, बाळा. उद्या सकाळी ती सायकल खाली आण." मेजर हसला, जरा उशिरा, पण हसला. बायकोकडे तो चोरून बघत होता, नवी गाडी पहिल्यांदा बघावी तसा.

काका पुन्हा सेटिंगमध्ये शिरले होते. "आता सगळं जागेवर आणतो," ते म्हणाले.

"माझ्या पॅडचं राहू द्या, बाबा," वहिनी म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं. मग मान हलवली आणि तिचं पॅड सोडून दिलं. "आणि नाव?" ते म्हणाले. "हे 'पाहुणा' काढायला हवं. काय लिहू?"

"कॅप्टन लिहा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझा संघ. मलाही खोली हवीये."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मेजरचा पाय हवेतच राहिला.

"तुला?" काकांनी विचारलं. "कशाला?"

"ते जिंकल्यावर सांगेन."

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. वरच्यांनी नाही, खालच्यांनी नाही. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. मंगळवारी मालकीणबाई येणार होत्या, दार लावून दाखवायचं होतं, सगळं झालं होतं. तरी मी पुन्हा सोफ्यावर बसले आणि पॅड उचललं.

"काका," मी म्हटलं, "माझीही बटणं आहेत तशीच राहू द्या. शिकायला माझ्याकडे एकच वर्ष आहे."